विहिरीचा दोर आणि दिव्याचा दोर

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात एक दोर वळणारा होता. पंचक्रोशीत दोर वळावेत ते त्यानेच. देवीचा मोठा भक्त. तिला हात जोडल्याशिवाय दोरासाठी आणलेल्या घायपाताच्या वाखाला शिवायचा नाही.

ओढ्यापलीकडच्या वस्तीचा देव वेगळा. ते लोक मूर्ती मानत नसत. उंच खांबावर दोराने दिवा चढवून त्याला भजत. एका उन्हाळ्यात तिथली एक म्हातारी त्याच्या अंगणात आली.

“बाबा, दोन दोर दे. एक दिव्याच्या खांबाला, एक विहिरीला. पाणी पार तळाला गेलंय, बायका दोर धरून खाली उतरतात. जुना दोर कुजलाय रे.”

“तुमच्या दिव्याला माझ्या हातचा दोर? छे छे! देवी काय म्हणेल?”

“बरं, तुझं मन घेत नसेल तर तो राहू दे. आम्ही वेलींवर भागवू. पण विहिरीचा तरी दे. तहानेला कसला आलाय देव?”

म्हातारीचं म्हणणं त्याला पटलं होतं, बरं का! पण भक्तीचा तोरा आडवा आला. “माझ्या देवीपुढे जे वाकत नाहीत, त्यांना सुतळीचा तुकडासुद्धा मिळणार नाही,” तो म्हणाला. भिंतीवर तेव्हा सात नवे दोर टांगलेले होते.

तिसऱ्या दिवशी म्हातारीची सून विहिरीत उतरत असताना दोर तुटला. आरडाओरडा ऐकून दोर वळणारा भिंतीवरचा एक दोर घेऊन धावत सुटला. त्याच्याच दोराने तिला वर काढलं, पण जीव केव्हाच गेला होता. तिचं तान्हं लेकरू काठावर रडत होतं.

त्याने दोर नाकारला होता हे कळताच गावचे पाटील भडकले. “आता दिव्याचा दोर यानेच वळायचा आणि यानेच खांबाला बांधायचा! नाहीतर गाव सोडायचं!”

तेव्हा म्हातारीच पुढे आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“नको, पाटील. धाकाने वळलेला दोर आमच्या दिव्याला नको. याचा देव याच्यापाशी राहू द्या. मी विहिरीचा मागत होते हो! तेवढा दिला असता तर माझी पोर आज जिवंत असती.”

पाटलांनी हुकूम मागे घेतला. त्या दिवसापासून गावाने नेम केला: पूजेच्या कामाला सक्ती नाही आणि पाण्याच्या कामाला नकार नाही. दोर वळणारा मरेपर्यंत दर उन्हाळ्यात पलीकडच्या विहिरीला स्वतः नवा दोर बांधून येई. म्हातारी मात्र त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

तात्पर्य: कोणाची श्रद्धा मोडू नये, आणि श्रद्धेच्या नावाखाली कोणाचं पाणी तोडू नये.