अख्ख्या तुळयांची खोली

एकदा एका डोंगरावरच्या गावात, जिथे पौषात दवसुद्धा गोठते, केरबा नावाचा तरुण भिवाजी मेस्त्रींच्या हाताखाली सुतारकाम शिकत होता. त्याची बायको सुंद्रा पहिलटकरीण होती, आणि तिच्यासाठी तो घर बांधत होता. मोडीत निघालेल्या एका भातगिरणीच्या भल्या जाड तुळया त्याला मिळाल्या. त्या चिरल्या असत्या तर चारही खोल्यांना फळ्यांचे अस्तर झाले असते. पण मेस्त्रींनी करवत खाली ठेवायला लावली.

"अख्ख्या तुळया एकीवर एक रचून एकाच खोलीच्या भिंती कर. बाहेरून भाताच्या तुसाचा जाड थर दे."

घर उभे राहिले. सुंद्रा मात्र दिवस भरण्याआधीच तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. ती घरी यायला तीन दिवस होते, तेव्हा मेस्त्रींनी त्या रिकाम्या खोलीत धुराड्याची चूल पेटवली आणि ती विझू दिली नाही.

"मेस्त्री, खोली अजून गारच आहे," केरबा कळवळून म्हणाला. "सगळं सरपण आत्ताच संपलं, तर बाळ आल्यावर काय जाळू?"

"घालत राहा," एवढेच ते म्हणाले.

चौथ्या दिवशी सुंद्रा बाळाला घेऊन आली. "वजन कमी आहे, गारठ्यापासून जपा," असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याच दुपारी गारांसह पाऊस कोसळला. वीज गेली, उरलेले सरपण भिजले, चूल विझली. केरबा गावभर फिरला. ज्याचे त्याचे सरपण भिजलेले. तिन्हीसांजेला तो रित्या हातांनी परतला आणि उंबऱ्यातच थबकला. आत पाहण्याचे धैर्य होईना.

"अहो, दार लावा! ऊब जातेय सगळी," सुंद्रा आतून म्हणाली.

केरबाने आत येऊन दार लावले. बाळाचे तळवे कोमट होते. त्याने भिंतीला हात लावला, तर लाकूडही उबदार होते.

सकाळी मेस्त्री लांबच्या वाडीतून कोरड्या लाकडांची मोळी घेऊन आले. केरबाने त्यांचे पाय धरले.

"पातळ फळी लगेच तापते आणि लगेच निवते," मेस्त्री म्हणाले. "तुला खोली गार वाटत होती, तेव्हा ऊब तुळयांच्या पोटात जात होती. जाड लाकूड सावकाश तापतं, म्हणून सावकाशच निवतं. तुसामुळे ती ऊब बाहेरही जात नाही. पण केरबा, भिंत स्वतः ऊब निर्माण करत नाही. दिलेली तेवढी सांभाळते."

खोली अजून उबदारच होती. तरीही केरबाने मोळी सोडली आणि चूल पेटवली.