राजाचं झाड

"पुन्हा करपलं? धाकू, हे रोपसुद्धा करपलं?"

केळशेतचे राजे मानाजीराव राजवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात उभे राहून गरजले. समोर कोकोचं इवलंसं रोप मान टाकून पडलं होतं. पानं तपकिरी झाली होती, हात लावताच त्यांचा चुरा होत होता. धाकू माळी खाली मान घालून उभा होता. त्याच्या मागे त्याची मुलगी आवडी.

ही रोपं राजांना एका परदेशी गलबताच्या कप्तानानं भेट दिली होती. कप्तानानं सोबत कोकोच्या भाजलेल्या बियाही आणल्या होत्या. त्या वाटून, गूळ घालून, फेस येईपर्यंत घुसळून त्यानं राजांना प्यायला दिलं. एक घोट घेतला आणि राजे खूश! वर कप्तान म्हणाला, "महाराज, समुद्रापलीकडच्या देशात पूर्वी हे पेय राजेच प्यायचे. तिकडच्या बाजारात या बिया नाण्यांसारख्या चालायच्या!"

झालं! राजांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. राजांचं झाड राजासारखंच वाढायला हवं!

"महाराज," धाकू चाचरत म्हणाला, "या झाडाला ऊन सोसत नाही. सुपारीच्या आगरात लावू या. तिथं गारवा आहे, सावली आहे..."

"सुपारीच्या पायाशी?" राजे उसळले. "राजाच्या झाडानं सुपारीच्या पायाशी उभं राहायचं? माझा हुकूम ऐक! हे झाड इथंच लागेल. एकटं, दिमाखात! त्याच्या डोक्यावर दुसरं काही दिसता कामा नये. आणि आता एकच रोप उरलंय. तेही करपलं तर आगर सोड आणि राज्याबाहेर चालता हो!"

धाकूनं वळून आगराकडं पाहिलं. ज्या आगरात त्याचा जन्म गेला, ते सोडून जायचं कुठं?

तेवढ्यात आवडी पुढं आली. "महाराज, चूक बाबांची नाही, रोपाचीच आहे."

"रोपाची?"

"हो ना! परक्या मुलखातून आलंय बिचारं. इथं राजासारखं उभं कसं राहायचं, ते त्याला कोण शिकवणार? आम्ही पडलो माळी! उद्या भरदुपारी आपण स्वतः त्याच्या शेजारी उभं राहून दाखवलंत, तर बघून बघून शिकेल."

राजांनी मिशीवर ताव दिला. "पोरगी शहाणी आहे! उद्या येतो."

घरी आल्यावर धाकूनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरी, झाड काय बघून शिकतं?"

"झाड नसेल शिकत, बाबा," आवडी हसली, "पण शिकणारं दुसरं कुणीतरी असेल!"

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की मैदानातल्या जांभ्या दगडावर भाकरी भाजावी. दिवाणजी आणि दरबारी मंडळी मैदानाच्या कडेच्या वडाखाली दाटीवाटीनं बसली. आवडीनं शेवटचं रोप कुंडीतच आणून मैदानाच्या मधोमध ठेवलं. राजे आले. मागून भिवाजी आला, राजांच्या डोक्यावर मोठं जरीचं छत्र धरून.

"थांबा, भिवाजीकाका!" आवडीनं हात आडवा केला. "इथं डोक्यावर काही दिसता कामा नये. महाराजांचा हुकूम आहे!"

"अलबत!" राजे ऐटीत म्हणाले. "भिवाजी, मागं हो!"

राजे रोपाशेजारी छाती काढून उभे राहिले. थोड्या वेळानं कपाळावर घाम आला. मग तो मिशीवरून टपटपू लागला. पागोटं तव्यासारखं तापलं. जोड्यांतून पाय भाजू लागले, तसे राजे एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर!

"महाराज, हलू नका," आवडी म्हणाली, "रोप बघतंय!"

"किती वेळ बघणार आहे ते?"

"ते तर इथं जन्मभर उभं राहणार, महाराज. तुम्हाला आत्ताच कंटाळा आला?"

राजांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. "भिवाजी! अरे, बघतोस काय? छत्र आण!"

"छत्र कशाला, महाराज?" आवडीनं विचारलं.

"कशाला म्हणजे? राजा कधी छत्राशिवाय उभा राहतो का?"

"अगदी हेच!" आवडीनं टाळी वाजवली. "अगदी हेच रोपं सांगत होती, महाराज! पण त्यांना ओरडता येत नाही, म्हणून बिचारी करपून गेली!"

वडाखाली कुणीतरी फिसकन हसलं आणि पटकन गप्प झालं. भिवाजी धावत आला. छत्राची सावली पडताच राजांनी सुस्कारा सोडला, पण हट्ट काही सोडला नाही.

"ते ठीक आहे गं! पण सुपारी झाडाहून उंच. माझ्या झाडानं तिच्या खाली राहायचं म्हणजे तीच राणी ठरली की!"

आवडीनं वर पाहिलं. "महाराज, हे छत्र आत्ता तुमच्या डोक्याहून उंच आहे. मग केळशेतचा राजा कोण? तुम्ही की भिवाजीकाका?"

भिवाजी एवढा दचकला की छत्र त्याच्या हातातून निसटलं आणि थेट राजांच्या पागोट्यावर आलं!

वडाखालची मंडळी ताडकन उठून उभी राहिली. मग छत्राच्या आतून गडगडाट ऐकू आला. राजे हसत होते! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर!

"हरलो बुवा!" छत्र बाजूला सारत ते म्हणाले. "सुपारी राणी नव्हे, छत्र धरणारी! दिवाणजी, लिहून घ्या. सुपारीचं सगळं आगर आजपासून धाकूचं, पिढ्यान्‌पिढ्या. आणि हे आवडीला!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात ठेवलं.

"आणि रोपाचं काय, महाराज?"

"भिवाजी! रोप आगरात पोचेपर्यंत त्याच्यावर छत्र धर!"

"आणि आपल्यावर, महाराज?"

"माझी काळजी नको!" असं म्हणून केळशेतचे राजे धोतराचा सोगा वर धरून वडाच्या सावलीकडं धूम पळाले.