मृणेच्या पापण्या

त्रेतायुगाचा आरंभ होता. रेवेच्या दक्षिण तीरावर, अर्जुनवृक्षांच्या दाट छायेत ऋतंभर मुनींचा आश्रम होता आणि त्या आश्रमाला यज्ञपात्रे पुरवणारा अनल्प नावाचा कुंभकार नदीच्या उताराशी राहत असे. त्याची पात्रे पाहून तपोधन ऋषीही क्षणभर मंत्र विसरत. उडण्याच्या बेतात असलेल्या बगळ्याची मान त्याच्या झारीला आली होती. दिवस भरत आलेल्या हरिणीचे पोट त्याच्या घटाला. त्याची कन्या मृणा चाकाशेजारी उभी राहून ओंजळीने पाणी पीत असे. त्या ओंजळीवरून त्याने एक पसरट पानपात्र घडवले होते.

मृणा सातव्या वर्षी तापाने गेली. भर दुपारी तिने आईच्या मांडीवर डोळे मिटले, तेव्हा अनल्प माती आणायला नदीपार गेला होता. परतल्यावर तो अंगणात पाठ फिरवून उभा राहिला. निरोपाच्या वेळीही त्याने तिच्या मुखाकडे पाहिले नाही. त्यानंतर वर्षभर त्याच्या चाकावरून पानपात्राखेरीज काही उतरले नाही.

अशाच एका पानपात्रातून ऋतंभरांनी आपल्या बारा वर्षांच्या निर्जल व्रताचे पारणे केले. पाणी घशाखाली उतरताच ते थबकले.

"ही कोणाची ओंजळ?"

"माझ्या मुलीची, भगवन्. ती आता नाही."

"माग. काय हवे ते माग."

"कुंभारच तो," मागून एक शिष्य कुजबुजला, "पावसाळाच नको म्हणेल!" दोघेतिघे हसले.

अनल्प हात जोडून म्हणाला, "मला जशी आठवते तशी माझी मृणा मी मातीत घडवीन. आपण तिच्यात प्राण घालावा."

मुनींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "तथास्तु."

घरी सुवेलेने, त्याच्या पत्नीने, वराचे शब्द जसेच्या तसे ऐकून घेतले.

"'मला' म्हणालात?" तिने विचारले. "'आम्हाला' म्हणायला जीभ झिजली असती?"

त्याला तो नेहमीचा टोमणा वाटला.

सात दिवस त्याने माती मळली, थापली, कोरली. आठव्या सकाळी त्या मातीच्या छातीने श्वास घेतला. मृणा उठून बसली, हसली, तिने ओंजळ पुढे केली. "तात, पाणी!" तेच बोलणे, तीच मान वाकडी करण्याची सवय. अनल्पाच्या हातातला कलश निसटून फुटला.

सुवेला धावत आली. मुलीने तिच्याकडे आदराने पाहिले आणि विचारले, "माते, आपण कोण?"

अनल्पाला कारण उमगले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो चाकावर, मग भट्टीवर. त्याला आठवत होती ती चाकाशेजारची मृणा. आईच्या कुशीतली त्याने कधी पाहिलीच नव्हती.

सुवेलेने तेही गिळले. दुपारी तिने मुलीला मांडीवर घेतले, थोपटले, रोजचे गाणे म्हटले. डोळे मिटेनात. दुसऱ्या दिवशीही मिटले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या उघड्या डोळ्यांत रक्त उतरले आणि मृणा बापाच्या गुडघ्याला बिलगून म्हणाली, "तात, मला झोपायचं आहे. कसं झोपायचं ते सांगा ना!"

अनल्प आश्रमाकडे धावला.

"मी तुझ्या आठवणीला प्राण दिला," ऋतंभर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "तू तिला झोपलेली पाहिलीस का?"

"नाही."

"मिटलेले डोळे? एकदा तरी?"

अनल्पाने नकारार्थी मान हलवली.

"मग माझ्याही हातात काही नाही. ज्याने पाहिले तोच ते घडवू शकेल. पण दुसऱ्याच्या आठवणीचा स्पर्श होताच मी घातलेला प्राण त्या मातीत थांबणार नाही."

तो घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला. सुवेलेने एकदाच म्हटले, "सांगा." त्याने सांगितले.

ती उठली. पाण्यात हात बुडवून मुलीजवळ गेली.

"थांब, सुवेले! उजाडू दे, आणखी एक दिवस—"

"तिला विचारा एक दिवस म्हणजे किती मोठा असतो." तिचा आवाज चढला नाही. "इकडे या. मागच्या वेळी पाहिलं नाहीत. या वेळी पाहा."

तिने दोन्ही अंगठे त्या लालबुंद डोळ्यांवर हलकेच ठेवले आणि रोजच्या ओळखीची ती पापण्यांची वळणे ओल्या मातीत उतरवली. मृणेने सुस्कारा टाकला, कूस बदलली आणि गाल आईच्या मांडीत खुपसला. पुढचा श्वास आला नाही. मांडीवर माती उरली. अनल्प पाहत होता.

मागोमाग आलेल्या ऋतंभर मुनींनी हे सारे दारातून पाहिले. मग कमंडलूतले जल हातावर घेऊन ते म्हणाले, "हा वर मी देतानाच चुकलो. यापुढे कुंभकाराच्या चाकावर देहाचा कोणताही भाग घडो; डोळे मात्र तिथे घडणार नाहीत."

अनल्पाने पुन्हा चाक फिरवले, त्याच्या वंशजांनीही फिरवले. म्हणून मडक्याला तोंड असते, गळा असतो, पोट असते, आणि कितीही वेळ त्याच्याकडे पाहिले तरी ते आपल्याकडे पाहत नाही.