दिव्यासमोरचं स्टूल

"पण उस्ताद, गाडीनं त्यांना शिवलंसुद्धा नाही. मग बल्बनं माणूस मरतो का?"

कासम मिस्त्री वायर गुंडाळत होते. 

विचारणारा दिगंबर. घाटाच्या पायथ्याच्या याच गॅरेजात तो अकरा वर्षं गाड्यांचं वायरिंग शिकला आणि मग हायवेला स्वतःचं दुकान टाकून बसला. आज त्याचं डोकं भादरलेलं होतं. वडिलांचं तेरावं कालच झालं होतं. मी माझी बॅटरी न्यायला आलो होतो, आणि आज नसतो आलो तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

त्याचे वडील, अण्णा, डेअरीत दूध घालून सायकलवरून परतत होते. दिवस नुकताच मावळला होता. वळणावर समोरून गाडी आली आणि अण्णा सरळ कठड्यापलीकडे गेले. गाडीवाला थांबला, खाली उतरला, त्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं. दिगंबर धावत पोचला तेव्हा ती गाडी आवारात दिवे चालू ठेवूनच उभी होती. काचेच्या कोपऱ्यात त्याच्याच दुकानाचं स्टिकर होतं.

"एलईडी बल्बचा माल चांगला होता, उस्ताद. वीज कमी खातो, उजेड तिप्पट."

"हं."

"गिऱ्हाईक खूश. आजवर एकाची तक्रार नाही."

"कुणाची येईल?"



भांडण जुनंच. मिस्त्रींचा एक नियम होता. हेडलाइटला हात लावला की गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची, खडूच्या रेघेवर उजेड जुळवायचा. आणि शेवटी ज्यानं काम केलं त्यानं गाडीसमोर उंच स्टुलावर बसायचं. बसलं की डोळे सायकलवाल्याच्या उंचीला येतात म्हणे. डोळे मिटावेसे वाटले तर गाडी द्यायची नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घातला की उजेड फाटतो, नको तिथे जातो, आणि त्या स्टुलावर कुणालाच बसवत नाही. म्हणून मिस्त्रींनी ते काम कधी घेतलं नाही.

दिगंबरनं आपल्या दुकानात भिंत ठेवली, खडूची रेघ ठेवली, स्टूल तेवढं वगळलं. वर चेष्टा करायचा, "आमचे उस्ताद गाडी दुरुस्त करत नाहीत, तिच्यापुढे पूजेला बसतात." लोक हसायचे. मीही हसलोय.

"तुझी जीप आत घे," मिस्त्री म्हणाले.

जीप आत आली. तिलाही तेच एलईडी बल्ब होते. त्यांनी भर दुपारी शटर पूर्ण खाली ओढलं. चाचपडत स्टूल आणलं आणि दिव्यांपासून तीन हातांवर ठेवलं.

"बस."

"आज नको, उस्ताद."

"बस रे."

तो बसला. मिस्त्रींनी आत वाकून दिवे लावले. मी कोपऱ्यात होतो, तरी माझा हात आपोआप डोळ्यांपुढे गेला.

"मी कुठे आहे, दिगू?"

"आत... गाडीत."

ते गाडीत नव्हते. पुढच्या चाकावरच्या पत्र्याला टेकून, दिव्याच्या मागे उभे होते. त्यांनी हात लांब केला होता.

"हात पुढे केलाय. धर."

दिगंबरनं हवेत हात फिरवला. भलतीकडेच. पुन्हा फिरवला. एवढा मोठा माणूस पुढ्यात उभा, आणि शिष्याचा हात वीतभर अंतरावरून परत जात होता. मला ते बघवेना.

"कुठे आहे, उस्ताद?"

मिस्त्रींनी दिवे घालवले.

"आता धर."

"आता तर काहीच दिसत नाही."

"थांब."

"किती वेळ?"

"अण्णांना मिळाला नाही, तेवढा."

दिगंबर रडायला लागला. आवाज न करता रडायचा प्रयत्न करत होता, तो जमला नाही.

"काढतो, उस्ताद. सगळे काढतो."

"किती बसवलेस?"

"सांगता येणार नाही."

"कुणाच्या गाड्यांना?"

"हायवेनं येईल-जाईल त्यांच्या. पुण्याच्या, गोव्याच्या... कुठे शोधू त्यांना? आज दिवस मावळला की सगळ्या दिवे लावतील. कुठल्या वळणावर कोण सायकलवर असेल..."

मिस्त्रींनी शटर वर केलं. ऊन आत आलं. दिगंबर स्टुलावरून उठला नव्हता. डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"माफ केलं म्हणा, उस्ताद," तो म्हणाला. "आता तुमच्याशिवाय कुणाला विचारू? तुम्ही तरी म्हणा."



मिस्त्री त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. काचेवरचं स्टिकर खरवडावं तसं आपल्याच तळहातावर नख ओढत राहिले.

"मी कसं माफ करू, दिगू? दिव्यासमोर अण्णा होते. मी दिव्याच्या मागे उभा होतो."