टॅबच्या तासाची तालीम

एकदा एका खेड्यातल्या शाळेत बारा टॅब आले आणि चौथीच्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

बाईंचं नाव कलावती माळवदे. सव्वीस वर्षांची नोकरी. फळ्यावरचं अक्षर असं, की पाहुण्यानं थांबून वाचावं. पाढे म्हणवून घ्यावेत तर त्यांनीच. पण टॅब हातात घेतला की त्यांचं बोट थरथरायचं. एकदा मुलं घरी गेल्यावर त्यांनी धीर करून एक उघडला, तर त्यातून मोठ्यानं गाणं सुरू झालं आणि काही केल्या थांबेना. शेवटी बाईंनी तो शालीत गुंडाळून कपाटात कोंडला. हसू नका. ज्याची भीती त्यालाच ठाऊक.

तशात निरोप आला, की दोन आठवड्यांनी गुरुवारी विस्तार अधिकारी टॅबचा तास पाहायला येणार. मुख्याध्यापकांनी बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की ज्यांना हे जमणार नाही त्यांचा वर्ग काढून नव्या शिक्षकाकडे द्यायचं वर चाललं आहे. वर्गात मुलं बाराच, पण पहिलीपासून त्यांच्या हाताखाली वाढलेली. ती गेली तर शाळेत यायचं कशासाठी?

भ्यालेला माणूस काय करील याचा नेम नाही. बाईंनी प्रत्येक टॅबवर एकेका मुलाचा हजेरी क्रमांक चिकटवला. प्रत्येकावर अपूर्णांकाचं एकेक वेगळं गणित उघडून ठेवलं आणि कुणी कुठं बोट टेकवायचं ते पढवलं. तू वरचा डावा चौकोन, तू खालचा उजवा. आठ दिवस तालीम चालली. बोट टेकलं की हिरवी खूण उमटायची आणि मुलं टाळ्या वाजवायची. बाईंना मात्र घास गोड लागत नव्हता.

न राहवून त्यांनी आपल्या जुन्या गुरुजींना बोलावलं. अध्यापक विद्यालयात याच गुरुजींनी त्यांना खडू धरायला शिकवलं होतं. आता ऐंशी पार केलेले, शेजारच्या गावी राहणारे. ही तालीम एकदा डोळ्यांखालून घाला, एवढीच बाईंची विनंती होती. मंगळवारी गुरुजी आले आणि वर्गाच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसले.

तालीम बिनचूक झाली. बारा टॅब, बारा हिरव्या खुणा. बाईंनी मोठ्या आशेनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी उठून मुलांपुढे आले.

"बाळांनो, टॅब आहेत तिथेच राहू देत," ते म्हणाले. "तुम्ही सगळे एकेक जागा उजवीकडे सरका. शेवटच्यानं पहिल्याच्या जागी यायचं."

मुलं सरकली. समोर शेजाऱ्याचं गणित होतं, आणि कुठं बोट टेकवायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. बारा बोटं अधांतरी राहिली. एकाही मुलानं पडद्यावरचं गणित वाचलं नाही. सगळी बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली. वर्गात सर्वांत हुशार म्हणावी अशी ईश्वरी, तिचेसुद्धा डोळे भरून आले.

मुलांना खेळायला सोडल्यावर बाईंचा संयम सुटला. दोन दिवसांवर तपासणी आली असताना गुरुजींनी सारी घडी विस्कटली, असं त्या रडवेल्या आवाजात बोलून गेल्या. गुरुजींनी त्यांना पुरतं बोलू दिलं.

मग म्हणाले, "कलावती, तू टॅबला भीत नाहीस. आपल्याला येत नाही हे मुलांना कळेल, याला भितेस. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तू मूठ झाकलीस. पण मुलं पुस्तकाआधी शिक्षकाचं तोंड वाचतात. न येणं ही लपवायची गोष्ट आहे, एवढा एकच धडा त्यांनी आठ दिवसांत तुझ्याकडून पक्का केला. त्यांना काय कळत नाही ते आधी शोध. त्यासाठी टॅब कामाला येत असेल तर घे. नसेल तर खडू आहेच."

एवढं सांगून गुरुजी दुपारच्या एसटीनं परत गेले. बाईंनी चिकटवलेले क्रमांक एकेक करून खरवडून काढले.

गुरुवारी विस्तार अधिकारी साहेब वही उघडून मागे बसले. बाईंनी फळ्यावर एक छेद चार आणि एक छेद आठ लिहून मोठा कुठला ते विचारलं. मुलं एका सुरात म्हणाली, आठवाला. आठ चाराहून मोठे, म्हणून तो मोठा. बाई चरकल्या. हा भाग शिकवून महिना झाला होता. मागे साहेबांचं पेन चालू लागलं.

टॅबमध्ये एक वर्तुळ होतं आणि त्याचे हवे तितके समान भाग करता यायचे. ते दाखवावं म्हणून बाईंनी बोट टेकलं, तर वर्तुळच नाहीसं झालं. पुन्हा टेकलं, पुन्हा तेच. टॅब बंद करावा आणि फळ्याकडे वळावं, अजून अब्रू वाचेल, असं मन ओरडून सांगत होतं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "हे मला जमत नाही. कुणी दाखवाल का?"

त्यांचे कान तापले होते. ईश्वरी उठून आली. टेकवायचं नाही, ओढायचं, असं तिनं बाईंचं बोट धरून दाखवलं. वर्तुळाचे चार भाग झाले, मग आठ झाले, आणि एकेक तुकडा बारीक झाला. काही मुलांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक हात वर आला. पल्लवीचा. चार वर्षांत या मुलीनं आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, मला अजून नाही कळलं."

पाठोपाठ दुसरा हात वर झाला, मग तिसरा. साहेबांच्या देखत एकूण सात हात वर झाले. मंगळवारच्या बारा हिरव्या खुणांत हे सातही होते, आणि बाईंना त्यांचा पत्ता नव्हता.

त्या खाली जमिनीवर बसल्या. सातही जणांना भोवती घेतलं, त्यांच्या हातात टॅब दिले आणि म्हणाल्या, आता तुम्हीच कापा, मी बघते. साहेब काय लिहीत होते ते पाहायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

तास संपल्यावर साहेबांनी वही मिटली आणि जिथं मुलं 'कळलं नाही' असं न घाबरता सांगतात तो वर्ग बाईंकडेच राहू द्यावा, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. बाईंनी ते अर्धवटच ऐकलं. सातांतल्या दोघांना अजून उमगलं नव्हतं, आणि त्या त्यांच्यापाशी बसून होत्या. हात अजून थरथरत होते, पण ते लपवावेत असं त्यांना आता वाटत नव्हतं.

आपल्यासमोर "मला कळलं नाही" म्हणून शेवटचा हात कधी वर झाला होता, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.