घंटेआधीची हाक

शिरखोलच्या कॅथेड्रलचा हा घंटेचा मनोरा जरा निरखून बघा. वरचं चौकोनी बांधकाम जांभ्याचं आहे, खालचं गोल आणि काळ्या दगडाचं. तो खालचा भाग मुळात मिनार होता. मागे खाडीचं तोंड आहे. तिथलं पाणी कधी स्वस्थ नसतं.

फिरंग्यांनी बंदर घेतलं तेव्हा इथे मशीद होती, असं सांगतात. त्यांच्या कप्तानानं तिचं चर्च केलं आणि मिनार पाडायचा हुकूम सोडला. बांग देणारा इस्हाक बेघर झाला, तो चांगुणा कोळणीच्या पडवीत राहायला आला. रोज पहाटे मिनारावरून त्यानं होड्या निघताना पाहिलेल्या. कोणत्या होडीत कोण, सगळं त्याला ठाऊक.

मिनाराचं टोक उतरवून झालं होतं. माघातल्या एका सकाळी होड्या समुद्रात असतानाच धुकं पडलं. हातभरावरचं दिसेना, आणि खाडीच्या तोंडाशी तर खडक. बायका वाळूवर इकडून तिकडे धावत हाका मारत होत्या. त्या हाका लाटांतच विरत होत्या. इस्हाक उठला आणि गवंड्यांमधून वाट काढत मिनारावर चढला.

वरून आवाज आला तसे शिपाई धावले. बांगेला बंदी होती. कप्तानानं त्याला खाली ओढून आणायला सांगितलं. पाद्री बेर्नार्द नवा होता, त्याला आपली भाषा अर्धीमुर्धी कळायची. त्यानं चांगुणेला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"नावं घेतोय. आमच्या माणसांची."

पाद्री जिन्याच्या दारात आडवा उभा राहिला म्हणे. कप्तान संतापला, पण तेवढ्यात आवाजाच्या रोखानं एक होडी आत आली, तिच्यामागून दुसरी.

दुपारपर्यंत बाकीच्या आल्या. राहिला फक्त चांगुणेचा धाकटा, मंगळ्या. एकटाच गेला होता. इस्हाक त्याच्या नावानं ओरडत राहिला. घसा फुटला तरी थांबेना. मग नुसते ओठ हलू लागले. चांगुणा वर गेली, त्याचा हात धरून म्हणाली, "उतरा आता, भाऊ. माझ्यानं बघवत नाही."

मंगळ्या आला नाही. इस्हाकचा आवाजही परत आला नाही. मिनार मात्र राहिला. कप्तानाशी भांडून पाद्रीनं तो राखला आणि त्यावर घंटा चढवली. त्या दिवशी तो इस्हाकला म्हणाला, "आता कुणाला घसा फोडायला नको."

इस्हाक कसाबसा कुजबुजला, "घंटेला नाव घेता येत नाही, पाद्रीबाबा."

आजही धुकं पडलं की घंटा वाजवणारा आधी खिडकीतून वाकतो आणि समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला नावानं हाक मारतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो. सगळ्यात शेवटी मंगळ्याला. मग थोडा वेळ कान देऊन उभा राहतो, आणि त्यानंतरच दोरी ओढतो.