दचकणाऱ्या लेकराचा ताईत

"बाबा, वाघनखाऐवजी हे चालेल का?"

सारिकानं पदराची गाठ सोडून पदक पुढं केलं. निळी-पांढरी फीत, खाली गोल बिल्ला. खांद्यावर आठ महिन्यांची ईरा मुठी आवळून झोपलेली.

टेकडीवरच्या या दर्ग्यात दचकणारी लेकरं आणायची, वाघनख किंवा शूर माणसाची एखादी वस्तू इथल्या फकिराकडून, अमीनबाबांकडून, फुंकून घ्यायची आणि काळ्या दोऱ्यात ओवून लेकराच्या गळ्यात बांधायची, अशी आसपासच्या गावांची रीत.

"कुणाचं हे?" फकिरानं विचारलं.

"माझं." तिचा नवरा संपत दाराशी ताठ उभा होता. फौजी माणूस, टेकणार कशाला? "शांतिसेनेत होतो, आफ्रिकेत. परत गेलो की फितीवर दोनचा आकडा लागतो. त्यासाठी उद्या नाव द्यायचंय."

उद्या... ह्यांना आकडा दिसतो. सारिकाला दिसायची ती झेंड्यात गुंडाळलेली पेटी.

"भीती वाटली का रे तिथं?"

"भीती?" संपत हसला. "बाबा, शेजारी गोळ्या चालायच्या नि मी घोरत पडायचो. विचारा हिला, कसा घोरतो ते."

सारिका हसली नाही. परत आल्यापासून तो घोरत नव्हता.

"मग लेकरू का दचकतं?"

"आईवर गेलीय. आई जन्माची भित्री."

अमीनबाबांनी संपतकडं बघितलं. पदक तळहातावर तसंच.

"बेटी, लेकरू त्याच्याकडं दे."

सारिकानं दिलं. ईरा जागी झाली, अंग ताठ केलं आणि तिनं टाहो फोडला.

"मला बघितलं की असंच," संपत ओशाळून म्हणाला.

बाबांनी शेजारचा लोखंडी चिमटा उचलला आणि फरशीवर आपटला.

खण्ण!

सारिकानं डोळे मिटले. उघडून बघते तर दाराशी कुणीच नाही. संपत भिंतीच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर होता. लेकराला पोटाशी घेतलेलं, वरून पाठ वाकवलेली. पाठ थरथरत होती.

ईराचं रडणं थांबलं होतं. ती बापाच्या शर्टाची गुंडी ओढत होती.

"अहो..."

तो उठेना.

"छावणीच्या तारेपलीकडं लेकरू होतं एक," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "एवढंच होतं. मी धावलो गं त्याच्याकडं... पण..."

...

पुढचं सारिकानं विचारलं नाही. इतके दिवस ती पेटीला भीत होती. भीती तर घरातच येऊन बसलीय, हे तिला कुठं ठाऊक होतं?

अमीनबाबांनी पदकावर फुंकर घातली. काळ्या दोऱ्यात ओवलं. उठून कोपऱ्यापाशी आले, वाकले आणि दोरा संपतच्या गळ्यात बांधला.

त्यानं मान पुढं केली.

लेकराला तसंच पोटाशी धरून त्यानं विचारलं.

"बाबा... मग उद्या नाव देऊ, का नको?"

"दे की," अमीनबाबा म्हणाले. "आधी लेकरू खाली ठेव."